दोनदा कारखान्याला टाळं लागलं, मग गाडीत रेडिओ बसवून पॉल गॅल्विनने मोटोरोला उभी केली

बेस मॉडेल गाडी घेतली की घरात पहिली चर्चा सुरू होते ती स्टिरिओची. कंपनीने दिलेला साधा सेट काढायचा आणि बाहेरून चांगला टचस्क्रीन बसवून घ्यायचा. दुकानात गेलं की तिथला पोरगा डॅशबोर्डची पट्टी उचकटतो, जुना सेट बाहेर ओढतो, कपलर जोडतो आणि नवा सेट आत ढकलतो. चहा पिऊन होईस्तोवर गाडीत गाणी वाजायला लागतात.

१९३० साली हेच काम करायला दोन-दोन माणसं दिवसचे दिवस राबायची. डॅशबोर्ड खोलावा लागायचा, छताचं अस्तर उसवावं लागायचं, पायाखालच्या फळीला भोक पाडून तिथे वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागायच्या. एवढं सगळं करून इंजिन चालू केलं की गाण्याऐवजी खरखरच जास्त ऐकू यायची.

हा उपद्व्याप ज्या माणसाने धंद्यात बसवून दाखवला, त्याचं नाव पॉल गॅल्विन. त्याने आपल्या कार रेडिओला जे नाव दिलं ते आज बऱ्याच जणांच्या खिशात आहे. मोटोरोला. लोक लाडाने मोटो म्हणतात खरं, पण त्यातली मोटो ही मुळात मोटारगाडीची, हे फार कमी जणांना माहीत असतं.

स्टेशनवर पॉपकॉर्न विकणारा पोरगा

पॉलचा जन्म २९ जून १८९५ चा. गाव अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातलं हार्वर्ड. प्रसिद्ध विद्यापीठवालं हार्वर्ड वेगळं, हे आपलं शिकागोजवळचं छोटं गाव. पण हे गाव होतं रेल्वेचं जंक्शन. गाड्या थांबायच्या, प्रवासी खिडकीतून डोकावायचे आणि गावातली पोरं त्यांना पॉपकॉर्न विकायला धावायची. शाळकरी पॉलही त्यातलाच एक. गिऱ्हाईक जिथे आहे तिथे आपण जायचं, हा धडा त्याला फलाटावरच मिळाला. पुढे हाच धडा त्याची कंपनी वाचवणार होता.

पुढे तो इलिनॉय विद्यापीठात गेला. दोन वर्षं शिकला, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. पहिलं महायुद्ध सुरू होतं. पॉल अमेरिकेच्या तोफखान्यात अधिकारी झाला आणि फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन आला. परत आल्यावर १९२० मध्ये त्याने लिलियनशी लग्न केलं. आता पोटापाण्याचं बघायला हवं होतं.

पहिलं टाळं, दुसरं टाळं

१९२१ मध्ये पॉलने एडवर्ड स्टुअर्ट या मित्रासोबत विस्कॉन्सिन राज्यातल्या मार्शफिल्ड गावात बॅटरीचा कारखाना टाकला. बॅटरी जड माल. मोठ्या बाजारपेठेपासून लांब असलेल्या गावात कारखाना म्हणजे वाहतुकीचा खर्चच नफा खाणार. तसंच झालं. १९२३ मध्ये सरकारने कारखान्याला टाळं लावलं. पॉल जेवायला बाहेर गेला होता, परत आला तर दार बंद आणि आत राहिलेला स्वतःचा कोटसुद्धा त्याला घेऊ दिला नाही, असा किस्सा सांगितला जातो.

पदरात छोटा मुलगा होता. बॉब त्याचं नाव, १९२२ चा जन्म. पॉल बायको-पोराला घेऊन शिकागोला आला आणि एका गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीत नोकरीला लागला.

तीन वर्षांनी स्टुअर्टचा पुन्हा निरोप आला. यावेळी कारखाना शिकागोतच होता. पॉलने नोकरी सोडली आणि पुन्हा भागीदारीत उतरला. पण इथेही बॅटऱ्यांमध्ये दोष निघाले, माल परत येऊ लागला आणि १९२८ मध्ये हा कारखानाही लिलावात निघाला.

कुणालाही वाटेल की आता माणूस गपगुमान नोकरी धरेल. पण पॉलला त्या बुडालेल्या कंपनीत एक गोष्ट दिसत होती. बॅटरी एलिमिनेटर.

तेव्हाचे घरगुती रेडिओ बॅटरीवर चालायचे. बॅटऱ्या महाग, वरचेवर संपणाऱ्या आणि गळून गालिचा खराब करणाऱ्या. एलिमिनेटर म्हणजे असा डबा, जो घरातल्या विजेवर चालायचा आणि रेडिओला हवी तशी वीज द्यायचा. बॅटरीची कटकटच नको. पॉलने लिलावात बोली लावली आणि ७५० डॉलरला एलिमिनेटरचा हा धंदा विकत घेतला. स्वतःच्याच बुडालेल्या कंपनीचा एक तुकडा त्याने परत मिळवला.

२५ सप्टेंबर १९२८ रोजी शिकागोच्या हॅरिसन स्ट्रीटवर एका भाड्याच्या जागेत गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन सुरू झाली. सोबतीला भाऊ जोसेफ. कामगार ५, हातात रोख ५६५ डॉलर आणि पहिल्या आठवड्याचा पगार ६३ डॉलर.

एलिमिनेटरचाही बाजार उठला

पॉलचं नशीब बघा. त्याने एलिमिनेटर बनवायला घेतले आणि रेडिओ कंपन्यांनी थेट विजेवर चालणारे रेडिओ काढले. ज्या रेडिओला बॅटरीच लागत नाही त्याला एलिमिनेटर कशाला हवा? माल गोदामात पडून राहिला. पॉलने दुसऱ्या कंपन्यांच्या नावाने विकले जाणारे स्वस्त रेडिओ बनवून गाडा ओढायला सुरुवात केली.

तेवढ्यात ऑक्टोबर १९२९ आला. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि अमेरिका महामंदीत गेली. रेडिओच्या ऑर्डरी रद्द होऊ लागल्या. तिसरं टाळं दारात येऊन उभं होतं.

याच काळात त्याला कळलं की न्यूयॉर्ककडे काही दुकानदार गाड्यांमध्ये रेडिओ बसवून देतात. पण प्रत्येक गाडीसाठी वेगळी जुळवाजुळव आणि त्यामुळे खर्च अवाच्या सवा. गाडीत रेडिओ बसवण्याचे प्रयोग १९२० च्या दशकात बऱ्याच जणांनी केले होते, काही कंपन्या तसे सेट विकतही होत्या. म्हणजे कार रेडिओचा शोध पॉलने लावला असं म्हणणं बरोबर नाही. त्याचा विचार वेगळा होता. वेगवेगळ्या गाड्यांत बसेल असा, कारखान्यात मोठ्या संख्येने बनणारा आणि सामान्य गाडीवाल्याला परवडेल असा सेट काढता येईल का?

गाडी स्वतःच रेडिओची वैरी

हा प्रश्न सोडवायला पॉलसोबत दोन तरुण होते. एक विल्यम लिअर, जो पुढे लिअरजेट विमानांमुळे जगभर गाजला. दुसरा एल्मर वेव्हरिंग, जो पुढे मोटोरोलाचा अध्यक्ष झाला.

अडचणी एक-दोन नव्हत्या.

पहिली अडचण खरखरीची. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग सतत ठिणगी पाडत असतो. प्रत्येक ठिणगीतून रेडिओ लहरी बाहेर पडतात. म्हणजे रेडिओच्या शेजारीच एक छोटं, बेसूर रेडिओ स्टेशन चालू असल्यासारखं. त्यात डिस्ट्रिब्युटर आणि डायनामोची भर. यावर उपाय म्हणजे प्लगला रोधक लावायचे, डायनामोला कंडेन्सर जोडायचा आणि सेट धातूच्या डब्यात बंद करायचा. आवाज करणारा एकेक भाग शोधून गप्प करावा लागला.

दुसरी अडचण विजेची. गाडीची बॅटरी तेव्हा ६ व्होल्टची असायची. पण रेडिओ होता काचेच्या व्हॉल्व्हचा, आणि त्याला शंभराच्या वर व्होल्ट लागायचे. म्हणून कोरड्या बॅटऱ्यांचा वेगळा संच गाडीच्या तळाशी बसवावा लागायचा.

तिसरी अडचण जागेची. डॅशबोर्डमध्ये आजच्यासारखा तयार खण नव्हताच. रेडिओचा डबा एकीकडे, स्पीकर दुसरीकडे आणि स्टेशन बदलायचं बटण तिसरीकडे. हे बटण स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवायचे आणि तिथून लवचिक केबल डब्यापर्यंत न्यायचे. आज ज्याला आपण हेड युनिट म्हणतो, त्याचा पूर्वज म्हणजे स्टिअरिंगवरचा हा छोटा तुकडा. अँटेना छतात लपवायची. तेव्हाच्या छतात लाकूड आणि कापड असायचं, म्हणून जाळी आत दडवता यायची.

आणि चौथी अडचण खड्ड्यांची. घरातल्या टेबलावर निवांत बसणारा रेडिओ आता कच्च्या रस्त्यावर हादरे खाणार होता.

स्टॉल नाही? मग गाडीच स्टॉल

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन भरणार होतं. देशभरातले व्यापारी तिथे येणार होते. पॉलकडे स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. त्याच्याकडे होती त्याची स्टुडबेकर गाडी आणि तिच्यात नुकताच बसवलेला रेडिओ.

तो आणि लिलियन त्याच गाडीने शिकागोहून निघाले. अंतर साधारण १,३०० किलोमीटर. रस्ता १९३० सालचा. रेडिओ वाटेत बंद पडला असता तर कंपनीही तिथेच बंद पडली असती. पण रेडिओ पोहोचेपर्यंत वाजत राहिला.

पॉलने गाडी अधिवेशनाच्या जागेबाहेर लावली आणि आवाज वाढवला. येणारे-जाणारे व्यापारी थबकले. पॉल त्यांना गाडीत बसवून सेट दाखवू लागला. गाडीच्या खिडकीत पॉपकॉर्न विकणारा पोरगा आता गाडीच विकण्याची खिडकी करून बसला होता. कंपनी चालू राहील एवढ्या ऑर्डरी घेऊनच नवरा-बायको परतले.

या सेटचा मॉडेल नंबर ५टी७१. किंमत ११० ते १३० डॉलर. त्या काळात फोर्डची नवी मॉडेल ए गाडी साधारण ५०० डॉलरच्या आसपास मिळायची. म्हणजे गाडीच्या जवळपास पाव किमतीचा स्टिरिओ!

नावही तेव्हाच ठरलं. मोटारीतला मोटर आणि त्या काळी गाणी वाजवणाऱ्या यंत्रांच्या नावाला लागणारं ओला हे शेपूट. दोन्ही जोडून झालं मोटोरोला. पॉलला हे नाव दाढी करताना सुचलं असं म्हणतात.

याच काळातला आणखी एक किस्सा सांगितला जातो. कर्ज मिळावं म्हणून पॉलने एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. बँकर गाडी घेऊन निघाला आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला. कर्जाचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

विकणं सोपं, बसवणं अवघड

पॉलच्या लवकरच लक्षात आलं की सेट कितीही चांगला असला तरी तो वाईट बसवला तर शिव्या कंपनीलाच बसतात. म्हणून त्याने बसवणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर जोर दिला. १९३४ मध्ये त्याने बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीशी करार केला. गुडरिचच्या टायरच्या दुकानांत मोटोरोला विकायचाही आणि बसवूनही द्यायचा. गाडीवाला टायर बदलायला येतोच, तिथेच रेडिओ बसवून जाईल. तोवर बसवण्याच्या खर्चासकट किंमत ५५ डॉलरवर आली होती. चार वर्षांत निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली.

विरोधही झाला. गाणी ऐकताना ड्रायव्हरचं लक्ष उडेल, डुलकी लागेल, अशी भीती अनेकांना वाटत होती. मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुईस शहरात गाडीतल्या रेडिओवर बंदी घालण्याचे प्रस्तावही आले. आज टचस्क्रीनबद्दल जी चर्चा होते, तीच तेव्हा एका बटणाबद्दल होत होती.

१९३६ मध्ये पॉलच्या कंपनीने पोलिसांसाठी खास कार रेडिओ काढला. पोलिसांचे संदेश जिथून येतात त्याच एका फ्रिक्वेन्सीवर तो लावलेला असायचा. गाणी ऐकवणारी कंपनी इथून संपर्काच्या धंद्यात शिरली.

त्याच्या चार अडचणी, आपली खरेदी

पॉलने ज्या अडचणींशी झुंज दिली, त्याच आजही स्टिरिओ निवडताना समोर येतात. फक्त त्यांची उत्तरं आता तयार मिळतात.

जागेचं उत्तर म्हणजे डिन. हे जर्मन मानक. सिंगल डिन सेटचं तोंड साधारण १८० बाय ५० मिलीमीटर, डबल डिनचं १८० बाय १००. म्हणून सेट आवडण्याआधी आपल्या गाडीत कुठला खण आहे ते मोजावं. ९-१० इंची स्क्रीन बसवायची तर त्या गाडीच्या मॉडेलची फ्रेमही लागते.

विजेचं उत्तर म्हणजे कपलर. गाडीच्या मूळ वायरी न कापता नवा सेट जोडता येतो. बाहेरून घेतलेल्या सेटमध्ये सहसा पिवळी वायर कायम १२ व्होल्टची, लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होणारी आणि काळी अर्थिंगची असते. पिवळी आणि लाल एकत्र बांधून टाकली तर चावी काढल्यावरही सेट बॅटरी खात राहू शकतो. दुकानदार वायर कापायला निघाला तर आधी कपलर आहे का ते विचारावं, कारण कापलेल्या वायरवरून पुढे वॉरंटीचा वाद होऊ शकतो.

खरखर आजही येते. इंजिनाच्या वेगासोबत आवाज चढत-उतरत असेल तर बहुतेक वेळा अर्थिंग नीट नसतं. सेट बदलण्याआधी ते तपासावं.

आवाजाच्या आकड्यांना भुलू नये. खोक्यावर ५० वॉटचे चार चॅनल असं लिहिलेलं असलं तरी तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. सतत मिळणारी ताकद आरएमएसमध्ये मोजतात आणि साध्या सेटमध्ये ती चॅनलमागे साधारण १५ ते २२ वॉट असते. स्पीकरशी जुळवायचा तो हा आकडा.

आणि एक गफलत नेहमी होते. अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे ज्याच्या आतच अँड्रॉइड चालतं तो सेट. अँड्रॉइड ऑटो म्हणजे फोन जोडल्यावर फोनमधला नकाशा आणि गाणी स्क्रीनवर आणणारी सोय. पहिलं आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही. दुकानातच फोन जोडून बघितलेलं बरं.

युद्ध आणि घरावरचा घाला

१९३६ मध्ये पॉल कुटुंबासह युरोप फिरून आला. तिथलं वातावरण पाहून युद्ध होणार याची त्याला खात्री पटली. परत आल्यावर त्याने कंपनीला लष्करी संपर्काच्या कामाकडे वळवायला सुरुवात केली. १९४० मध्ये हॅण्डी-टॉकी तयार झाला. एका हातात धरून बोलता येईल असा, सुमारे सव्वादोन किलोचा रेडिओ. युद्ध संपेपर्यंत असे सुमारे १ लाख ३० हजार संच बनले. पाठोपाठ डॅनियल नोबल यांच्या पुढाकाराने सैनिकाच्या पाठीवर बांधायचा वॉकी-टॉकी आला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरले तेव्हा त्यांच्या हातात गॅल्विनच्या कारखान्यातले रेडिओ होते.

कंपनी अशी जोमात असताना घरावर मात घाला पडला. ऑक्टोबर १९४२ मध्ये शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनमधल्या राहत्या घरी लिलियन आणि घरातली मोलकरीण या दोघींचा खून झाला. खुनी कधीच सापडला नाही. मार्शफिल्डच्या टाळ्यापासून अटलांटिक सिटीच्या रस्त्यापर्यंत सोबत असलेली बायको अशी गेली. पॉलला याचं उत्तर आयुष्यभर मिळालं नाही. तो कारखान्यात जात राहिला. १९४५ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं.

नाव मागे उरलं

१९४७ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून मोटोरोला केलं. रेडिओ कंपनीपेक्षा मोठा झाला होता. त्याच वर्षी कामगारांना नफ्यात वाटा देण्याची योजना सुरू झाली. पहिल्या आठवड्याला ६३ डॉलर पगार वाटताना घाम फुटलेला माणूस आता नफा वाटत होता. मग २०० डॉलरहून कमी किमतीचा टीव्ही काढून कंपनीने वर्षभरात १ लाखांवर नग विकले.

१९५५ मध्ये मोटोरोलाने जास्त ताकदीचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. तो कशासाठी होता? कार रेडिओसाठीच. नाजूक, गरम होणाऱ्या आणि जास्त व्होल्ट मागणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हची सद्दी त्यामुळे संपत गेली. पायाखाली बॅटऱ्या ठेवून सुरू झालेली गोष्ट पॉलच्या हयातीतच इथवर आली.

१९५६ मध्ये मुलगा बॉब अध्यक्ष झाला. ५ नोव्हेंबर १९५९ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने पॉल गॅल्विनचं निधन झालं.

१९६६ च्या मॉडेलपासून फोर्डच्या गाड्यांत ८-ट्रॅक टेप मिळू लागला. ती टेप विकसित केली होती जुन्या साथीदाराने, विल्यम लिअरने, आणि गाडीतला प्लेअर बनवत होती मोटोरोला. १९७३ मध्ये मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी हातात मावणाऱ्या मोबाइलवरून पहिला कॉल केला. पुढे कंपनीचे तुकडे झाले आणि फोनचा धंदा २०१४ मध्ये लेनोवोकडे गेला.

नाव मात्र तेच राहिलं. आज गाडीत बसून मोटोचा फोन स्टिरिओला जोडला, की १९३० मध्ये ज्या दोन गोष्टी एकत्र याव्यात म्हणून पॉलने ते नाव जुळवलं होतं, त्या पुन्हा एका जागी येतात. मोटार आणि गाणी.